पोटखराबा

आमच्या विद्यापीठात ‘आंतरविद्याशाखीय’ हा शब्द एका दमात म्हणू शकणारी माणसं दोनच होती. एक कुलगुरू, कारण शब्द त्यांनीच आणला होता. आणि दुसरी मी, कारण पत्रव्यवहारात तो मला दिवसातून दहा वेळा लिहावा लागे. बाकीचे नुसतं ‘आंतर’ म्हणत. आंतरची फाईल कुठे आहे, आंतरच्या मीटिंगला चहा सांगितला का, असं चाले. नवीन केंद्र निघणार होतं, भूमी-वापर संशोधन आणि नियोजन केंद्र. नवी मुंबईसारख्या आधी कागदावर आखून मग उभारलेल्या शहरात असं केंद्र इतकी वर्षं का नव्हतं, असा प्रश्न कुलगुरूंनी पहिल्याच बैठकीत विचारला. बैठकीतल्या अशा प्रश्नांना उत्तर द्यायचं नसतं, हे तोवर सगळ्यांना पाठ झालेलं होतं.

केंद्रासाठी सुरुवातीला एकच कायम पद मंजूर झालं. जाहिरातीत आम्ही लिहिलं की शेती, जमिनीचे कायदे, नकाशे, अर्थकारण आणि गावांचा अभ्यास यांपैकी किमान तीन गोष्टी उमेदवाराला येत असाव्यात. अर्जाचा नमुना मात्र जुनाच छापला. त्यात विषयाचा रकाना एक, आणि तोही बोटभर. तीन विषयांचा माणूस मागवायचा आणि त्याला एका विषयाची जागा द्यायची, हा आमचा कारभार अर्ज यायला लागल्यावर माझ्या लक्षात आला. लोकांनी त्या बोटभर जागेत बारीक अक्षरात काय काय कोंबलं होतं. एकाने मात्र फक्त ‘जमीन’ लिहिलं होतं. ते वाचून मी मान हलवली होती, एवढं आठवतं.

मी अर्थशास्त्राची प्राध्यापक. माहेर साताऱ्याकडचं, संसार सानपाड्यात, नोकरी इथेच सत्तावीस वर्षं. छाननी समितीची सदस्य-सचिव मला केलं, कारण माझं कोणाशी भांडण नव्हतं. त्या वर्षी तर भांडणाचा प्रश्नच नव्हता, कारण मला कशाचंच काही वाटत नसे. कोणी गेलं नव्हतं, घरात काही बिघडलं नव्हतं. मुलगा बंगळूरला मजेत होता, नवऱ्याची तब्येत माझ्यापेक्षा बरी होती. सकाळी उठायचं, डबा भरायचा, तास घ्यायचे, सह्या करायच्या. आमटीत मीठ कमी आहे हे कळे, पण आमटी आवडली की नाही ते कळत नसे. डॉक्टरांनी थायरॉईड तपासायला सांगितला, तो उत्तम निघाला. मैत्रिणी म्हणायच्या, तू किती शांत झालीस गं. मी ते कौतुक म्हणून ठेवून घेत असे.

आमच्या विभागात एक सर तासिका तत्त्वावर शिकवत. म्हणजे घेतलेल्या तासांपुरतीच नोकरी, सुट्टी लागली की तीही बंद, आणि दर जूनमध्ये पुन्हा बोलावतील की नाही याची वाट बघायची. हे अकरा वर्षं चाललं होतं. सर बोनकोडे गावचे. शहर यायच्या आधी त्यांच्या घरची भातशेती होती, खाडीच्या बाजूला खारं पाणी शिरणारं खाजण होतं. आता गावाच्या चारी बाजूंनी कोपरखैरण्याचे सेक्टर आहेत आणि गावात रिक्षासुद्धा दोनदा विचार करून शिरते. सरांची पदवी शेतकीची, पुढचं शिक्षण भूगोलाचं आणि डॉक्टरेट जमिनीच्या जुन्या नोंदींवरची. आमच्याकडे ते अर्थशास्त्र शिकवत, कारण तास तिथे रिकामे होते. आजवर कायम पदासाठी जिथे जिथे त्यांनी अर्ज केला तिथून एकच उत्तर आलं होतं, विषय जुळत नाही. भूगोलवाले त्यांना शेतकीवाला म्हणत आणि शेतकीवाले भूगोलवाला. आंतरची जाहिरात आली तेव्हा आमचा शिपाईसुद्धा म्हणाला की ही सरांच्या मापाने शिवलीय.

सर स्वतः त्याबद्दल काही बोलत नसत. एकदाच जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, की आपल्या विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे पंचेचाळीस पूर्ण झाल्यावर अर्ज करता येत नाही आणि त्यांना मार्चमध्ये पंचेचाळीस पूर्ण होतायत. दुसरीकडे आता कोणी विचारणार नाही, झालं तर हेच. एवढं सांगून ते वर्गाकडे गेले. मी ‘हो’ म्हटलं होतं. एका माणसाने आपलं सगळं आयुष्य दोन वाक्यांत माझ्यासमोर ठेवलं आणि मी हो म्हणून खाली उतरले.

वशिल्याचा संशय नको म्हणून कुलगुरूंनी नवीन पद्धत आणली. अर्ज आल्याबरोबर कार्यालयाने त्यांवरची नावं झाकायची, प्रत्येक अर्जाला क्रमांक द्यायचा, आणि सगळ्यांची माहिती एका लांबलचक तक्त्यात भरून तो तक्ता छाननी समितीसमोर ठेवायचा. तक्त्यात प्रत्येक शोधनिबंधापुढे आम्ही ‘संबंधित’ किंवा ‘असंबंधित’ असा शेरा मारायचा. संबंधितला गुण, असंबंधितला शून्य. साठ गुण झाले की मुलाखतीला बोलावणं. समितीत आम्ही तिघं होतो. मी, संगणक विभागाचे एक प्राध्यापक आणि उपकुलसचिव. संगणकवाले कानपूरचे, उपग्रहाच्या नकाशांवर काम करणारे, हसरे आणि कायम घाईत. उपकुलसचिव उरणकडच्या कोकणी मुसलमान घरातले. कोणाचंही मन न दुखवता नाही म्हणायचं कसं, हे त्यांच्याकडून शिकावं.

त्रेसष्ट अर्ज होते. सकाळी दहाला आम्ही बसलो तेव्हा एकेका निबंधावर तावातावाने वाद घातले. तिवरांवरचा निबंध भूमी-वापरात येतो की पर्यावरणात, यावर तर वीस मिनिटं गेली. दुपारी पुलाव आणि पनीर आलं. जेवणानंतर वाद कमी झाले आणि तीनच्या सुमारास वाचणं थांबून नुसतं बघणं उरलं. त्यातच उपकुलसचिवांना फोन आला म्हणून ते बाहेर गेले.

तक्ता इंग्रजी अक्षरांत टाईप केलेला होता, मराठी निबंधांची नावंही इंग्रजी अक्षरांत. रकाना अरुंद होता, त्यामुळे लांब शब्द मध्येच मोडून खालच्या ओळीत जात आणि शेवटचे शब्द दिसतच नसत. चव्वेचाळिसाव्या क्रमांकाचा पहिला निबंध तसाच मोडला होता. वरच्या ओळीत ‘पोट’, खालच्या ओळीत ‘खराबा’, आणि पुढे ‘किनारपट्टीच्या गावां’ एवढंच. संगणकवाल्यांनी ते मोठ्याने वाचलं आणि हसत म्हणाले, ‘‘ये तो पेट खराब का मामला है मैडम. पब्लिक हेल्थ.’’ मीही हसले. आणि पेनने समोर लिहिलं, असंबंधित, आरोग्य.

कानपूरच्या माणसाला तो शब्द माहीत असायचं काही कारण नव्हतं. मला माहीत होता. सातबाऱ्यावर जमिनीचा जो भाग लागवडीला येत नाही म्हणून लिहितात, बांध, खडक, ओढा, पाणथळ, तो पोटखराबा. आमच्या माहेरच्या सातबाऱ्यावर तो आहे. लहानपणी वडील उतारा मोठ्याने वाचत तेव्हा त्या शब्दाशी आले की आम्ही भावंडं पोट धरून जमिनीवर लोळायचो. म्हणजे संगणकवाल्यांचा विनोद मी सात वर्षांची असताना करून झालेला होता. त्या दिवशी तो पुन्हा ऐकला, हसले आणि पंचेचाळिसाव्या क्रमांकाकडे वळले. शब्द डोळ्यांसमोरून गेला, कानांवरूनही गेला, आणि आत कुठे पोचलाच नाही. संध्याकाळी प्रत्येक पानाखाली तिघांनी सह्या केल्या. माझी सही पहिली.

यादी शुक्रवारी लागली. चौदा नावं होती, सरांचं नव्हतं. खाली नेहमीची ओळ होती, हरकत असल्यास सात दिवसांच्या आत विहित नमुन्यात नोंदवावी. मी यादी वाचली, सरांचं नाव नाही हे पाहिलं, आणि स्पर्धा फार होती असं मनाशी म्हणून कँटीनमध्ये गेले.

सोमवारी सर माझ्या खोलीत आले. तासाचं रजिस्टर हातात होतं. बसा म्हटल्यावर बसले. तिसऱ्या वर्षाच्या मुलांबद्दल काहीतरी बोलले, मग म्हणाले, ‘‘मॅडम, एकच विचारायचं होतं. माझ्या कामात नक्की काय कमी हाय? तेवढं कळलं तर बरं होईल.’’

मी खरं तेच सांगितलं, की नावं झाकलेली होती, कोणता अर्ज कोणाचा ते मला ठाऊक नाही, बघून सांगते. ते म्हणाले, सावकाश बघा. जाताना दारात थोडे थांबले. अजून काही विचारायचं असेल असं मला वाटलं, पण मी समोरचे पेपर उघडले होते. मग ते गेले.

दुपारी कार्यालयातून क्रमांकांची यादी मागवली. सर चव्वेचाळीस नंबरला होते. गुण अठ्ठावन्न. विषयाच्या रकान्यात ‘जमीन’ लिहिणारे तेच होते. मी तक्त्याचं पान काढलं आणि माझं अक्षर दिसलं. काय वाटलं असं कोणी विचारलं तर प्रामाणिक उत्तर असं, की काही वाटलं नाही. मी मूळ अर्ज काढला, त्याला जोडलेला निबंध काढला आणि वाचायला बसले.

निबंधाचं पूर्ण नाव होतं, ‘पोटखराबा : किनारपट्टीच्या गावांतील नोंदीत नसलेला जमीन-वापर’. सरकारी कागदावर ज्या तुकड्यांपुढे काहीच पिकत नाही असं लिहिलंय, त्या तुकड्यांवर गावं काय काय करत आली, ते त्यांनी एकेका गावात बसून लिहून काढलं होतं. कुठे जाळी सुकत, कुठे छपरासाठी गवत कापत, कुठे बायका खेकडे धरत, कुठे मयतं नेत. पुढे नकाशे होते, जुन्या नोंदी होत्या, कायद्याचा भाग होता, आणि शेवटी एक साधा मुद्दा होता. शहर आखणाऱ्यांनी हे तुकडे रिकामे धरले, कारण कागद तसं म्हणत होता. आंतरच्या जाहिरातीत आम्ही जे मागितलं होतं ते बावीस पानांत समोर पडलं होतं, आणि त्यावर मी आरोग्य असं लिहिलं होतं.

पान घेऊन मी उपकुलसचिवांकडे गेले. त्यांनी ती ओळ वाचली आणि म्हणाले, अहो, हा तर सातबाऱ्यावरचा शब्द. हसू आलं त्यांना, पण मग माझ्याकडे पाहून त्यांनी चष्मा काढून ठेवला. दुरुस्ती होऊ शकते, ते म्हणाले. समितीने स्वतः करायची तर सदस्य-सचिवांनी कुलगुरूंना टिपण द्यायचं, चूक काय झाली आणि कोणाकडून झाली ते त्यात लिहायचं. मग बाकीचे बासष्टही म्हणू शकतात की आमचंही पुन्हा बघा. मुलाखतीच्या तज्ज्ञांची तिकिटं निघाली आहेत, तारखा पुढे जातील, चौकशी लागेल. किंवा उमेदवाराने हरकत घ्यायची. मग ते एकट्याचं प्रकरण राहतं आणि एका दिवसात मिटतं.

‘‘दोन्ही रस्ते उघडे आहेत, मॅडम,’’ ते म्हणाले. ‘‘एकात तुम्हाला लिहावं लागेल, एकात त्यांना.’’

ते हे अगदी सरळ बोलले, टोमणा नव्हता. मी खोलीत परत येऊन टिपण लिहायला घेतलं. आमच्या कार्यालयीन मराठीत कोणी काही करत नाही, सगळं आपोआप होतं. राहून गेले, नजरचुकीने झाले, अनवधानाने नमूद करण्यात आले. पाऊण पान झालं आणि मी ते वाचून पाहिलं. त्यात ‘मी’ हा शब्द एकदाही नव्हता. शेवटी एक ओळ लिहायची उरली होती, चूक कोणाकडून झाली ती. मी पेनला टोपण लावलं आणि कागद ड्रॉवरमध्ये ठेवला. भीती वाटून ठेवला असता तर ते निदान माणसासारखं झालं असतं. मला भीती वाटली नव्हती. चौकशी, खुलासे, कुलगुरूंसमोर उभं राहणं, या सगळ्याचा नुसता विचार करूनच कंटाळा आला होता. एका माणसाची अकरा वर्षं आणि माझा कंटाळा, असा तो सामना होता.

दुसऱ्या दिवशी मी सरांना बोलावलं. म्हटलं, सर, तक्त्यात काहीतरी गडबड दिसते, तुमचा एक निबंध चुकीच्या ठिकाणी गेलाय. तुम्ही हरकत घ्या, लगेच दुरुस्त होईल.

‘‘गडबड कशी झाली?’’ त्यांनी विचारलं.

‘‘झाली असेल टायपिंगमध्ये,’’ मी म्हटलं.

त्यांनी खुर्ची मागे सरकवली. मग बरं म्हणाले आणि उठले. मला हलकं वाटलं. चूक दुरुस्त होणार होती, सरांना मुलाखत मिळणार होती आणि मला काही करावं लागणार नव्हतं. सगळं कसं नीट जागच्या जागी बसलं, असं मी घरी नवऱ्याला सांगितलंसुद्धा. त्याने विचारलं, मग चूक कोणाची होती. मी म्हटलं, असंच काहीतरी झालं होतं.

बुधवारी मी उपकुलसचिवांना विचारलं, हरकत आली का. नाही आली. गुरुवारी विचारलं. पाच हरकती आल्या होत्या, त्यांत सरांची नव्हती. मला थोडा राग आला, म्हणजे राग आल्यासारखं मी बोलले. माणसाने स्वतःसाठी एवढं तरी करावं ना, असं म्हणाले. उपकुलसचिव म्हणाले, तासिकेवरची माणसं घाबरतात, मॅडम. हरकत घेतली की जूनमध्ये तास मिळणार नाहीत असं त्यांना वाटतं. ते मला पटलं. पटण्यासारखंच होतं आणि सोयीचंही होतं. शुक्रवारी पुन्हा विचारलं, आणि त्या सातव्या दिवशी पाच वाजता हरकतींचं रजिस्टर बंद झालं. त्या आठवड्यात सर रोज येऊन तास घेऊन गेले, व्हरांड्यात भेटले की नमस्कार करत होते. मी त्यांना पुन्हा विचारलं नाही. सांगायचं ते सांगून झालं होतं. संध्याकाळी सानपाड्याच्या बाजारातून मेथी आणली आणि निवडत बसले. ड्रॉवरमधला कागद ड्रॉवरमध्येच होता.

मुलाखती झाल्या. मी टेबलाच्या टोकाला बसून गुणपत्रकं गोळा केली. निवड झाली ती कोलकात्याच्या एका तरुण बाईची. हुशार, मेहनती, बोलायला साधी. तिच्यावर रागावायलाही जागा नव्हती. निकाल वाचला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. मार्चमध्ये सरांना पंचेचाळीस पूर्ण झाली. विभागात समोसे आणले होते. सरांनी सगळ्यांना स्वतः प्लेटा दिल्या आणि माझ्या प्लेटमध्ये चटणी वेगळी ठेवली, कारण मला तिखट चालत नाही.

एप्रिलमध्ये आंतरची नवीन मॅडम माझ्याकडे आली. जुन्या उताऱ्यांत एक शब्द सारखा येतो, त्याचा अर्थ शब्दकोशात बघून डोक्यात काही शिरत नाही, असं ती हिंदीत म्हणाली आणि शब्द अगदी नीट उच्चारला, पोटखराबा. मी म्हटलं, आपल्याकडे एक सर आहेत, ते सांगतील. सर लगेच तयार झाले. म्हणाले, खोलीत बसून नाय कळायचं, गावात या. मला जायचं कारण नव्हतं, पण मी गेले.

बोनकोडे गावाच्या गल्ल्यांतून ते आम्हाला मागच्या बाजूला घेऊन गेले. गाव संपतं तिथे सेक्टरचा रस्ता, रस्त्यापलीकडे नाला, मग तिवरं आणि मध्ये एक लांबट, उंचसखल पट्टा. एका बाजूला कोणाची तरी जाळी पसरलेली होती, दुसऱ्या बाजूला बांधकामाचा राडारोडा. सर बोलायला लागले. इथपर्यंत पानी यायचं, हा आमचा बांध, त्या कडेला गवत राखून ठेवायचे, लग्नाच्या मांडवाला इथूनच न्यायचे. मध्येच ते थांबून नवीन मॅडमला विचारत, कळतंय ना, आणि पुन्हा हिंदीत सांगत. ती भराभर लिहून घेत होती. जे पद त्यांना मिळायचं होतं, त्या पदावरच्या बाईला ते आपला निबंध ओळीओळीने उलगडून देत होते आणि आवाजात जरासुद्धा कडवटपणा नव्हता. उन्हाने माझं डोकं दुखायला लागलं.

मॅडम फोटो काढायला तिवरांच्या दिशेने पुढे गेली. आम्ही दोघं मागे राहिलो. मी काही ठरवून आले नव्हते, पण बोलले.

‘‘सर, तुमच्या निबंधावरचा तो शेरा माझा होता. टायपिंग वगैरे काही नव्हतं.’’

‘‘माहीत हाय, मॅडम,’’ ते म्हणाले.

तक्ता टाईप करणारी बाई त्यांची चुलत बहीण निघाली. तात्पुरत्या नेमणुकीवर कार्यालयात काम करायची. छाननी झाली त्याच संध्याकाळी गुण चढवायला तक्ता तिच्याकडे परत गेला, तेव्हा तिने माझं अक्षर पाहिलं होतं आणि घरी जाऊन त्यांना सांगितलं होतं. असं सांगायला नको होतं तिने, पण सांगितलं. म्हणजे यादी लागायच्या आधी त्यांना सगळं ठाऊक होतं. सोमवारी माझ्या खोलीत येऊन काय कमी आहे असं विचारलं, तेव्हाही ठाऊक होतं.

मी विचारलं, मग हरकत का नाही घेतली.

पायाखालचं एक फुटकं कौल उचलून त्यांनी बाजूला ठेवलं.

‘‘फॉर्मवर रकाना हाय, चूक कोनाची म्हणून,’’ ते म्हणाले. ‘‘तुमी टायपिंग म्हणालात. तसं लिहिलं असतं तर बहीण गेली असती. खरं लिहिलं असतं तर तुमी. म्हटलं, मॅडमच सांगतील.’’

एवढंच. त्यात तक्रार नव्हती. पुढून नवीन मॅडमने हाक मारून विचारलं की हा पलीकडचा तुकडा कोणाचा, आणि सर तिला सांगायला चालत गेले.

मी तिथेच उभी राहिले. वर्षभर मला काही वाटत नव्हतं आणि आता वाटलं ते हे. लाज वाटली आणि मी त्या बांधावर बसले. टायपिंग हा शब्द तोंडातून काढायला मला एक क्षण लागला होता आणि त्या एका शब्दात मी त्यांचा हरकतीचा रस्ता बंद करून टाकला होता. त्यानंतरचे दिवस मला एकेक करून आठवले. बुधवार, गुरुवार, शुक्रवार. मी रोज उपकुलसचिवांच्या दारात जाऊन सरांची हरकत आली का म्हणून विचारत होते, आणि सर पाच वाजेपर्यंत माझ्या टिपणाची वाट बघत होते.